सुप्त विषाणू आणि सक्रिय संसर्ग : हर्पिस कुलातील विषाणूंच्या रक्तचाचणीचा इतिहास

बीजसंज्ञा : हर्पिस विषाणू, एपस्टाइन-बार विषाणू, प्रतिपिंड, सुप्तावस्था, पुनःसक्रियता, पीसीआर

प्रस्तावना

'हर्पिस' हा शब्द सरपटणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून आला आहे. संस्कृतातील 'सृप्' हा धातू, ज्यापासून 'सर्प' शब्द सिद्ध होतो, तो याच क्रियापदाचा सगोत्र होय. मराठी माणसाने या कुलातील एका आजाराला 'नागीण' म्हटले, तेव्हा त्याला ग्रीक भाषा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. अंगावर वळसा घेत पसरणाऱ्या पुरळाने दोन्हीकडच्या लोकांना सापच आठवला, एवढेच. नागिणीची दोन टोके एकमेकांना भिडली की रोगी दगावतो, ही समजूत ग्रामीण भागात आजही ऐकावयास मिळते. तिला वैद्यकीय आधार नाही. मात्र लोकांनी दिलेले नाव एका वेगळ्या अर्थाने समर्पक ठरले. हा विषाणू बिळात दडून राहतो आणि अनेक वर्षांनी बाहेर येतो. बालपणी कांजिण्या घडवून आणणारा विषाणूच पुढे मज्जातंतूंच्या गुच्छात दडून राहतो व उतारवयात नागिणीच्या रूपाने प्रकट होतो, ही उपपत्ती एडगर होप-सिम्प्सन या इंग्लंडमधील सामान्य वैद्यकव्यावसायिकाने १९६५ मध्ये सविस्तर मांडली.

मानवात आढळणारे हर्पिस कुलातील विषाणू नऊ आहेत. ओठावरील फोडांचा विषाणू, जननेंद्रियावरील फोडांचा विषाणू, कांजिण्या-नागिणीचा विषाणू, एपस्टाइन-बार विषाणू, सायटोमेगॅलो विषाणू आणि सहाव्या ते आठव्या क्रमांकाचे विषाणू असे हे कुल आहे. सहाव्या क्रमांकाचे 'अ' आणि 'ब' हे प्रकार आता स्वतंत्र मानले जातात. या सर्वांचे समान लक्षण असे की एकदा शरीरात शिरलेला विषाणू पुन्हा बाहेर जात नाही. रोगी बरा होतो, विषाणू मात्र राहतो. त्यामुळे 'या माणसाच्या शरीरात विषाणू आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर प्रौढांच्या बाबतीत बहुधा 'होय' असेच येते. जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांना एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग केव्हातरी होऊन गेलेला असतो. वैद्याला हवे असते ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर. तो विषाणू या क्षणी जागा आहे काय, आणि समोरच्या रोग्याचा ताप, थकवा वा सूज त्याच्यामुळेच आहे काय?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रक्ताच्या एका नमुन्यातून काढण्याचा प्रयत्न विसाव्या शतकात वारंवार झाला. प्रत्येक वेळी नवी चाचणी आली की 'सक्रिय संसर्गाची खूण' अखेर हाती लागली असे वाटले, आणि काही वर्षांतच ती खूण निराळ्याच गोष्टीची असल्याचे ध्यानात आले. प्रस्तुत निबंधात या घडामोडींचा विचार मुख्यतः एपस्टाइन-बार विषाणूच्या अनुषंगाने केला आहे. सायटोमेगॅलो विषाणू व सहाव्या क्रमांकाचा विषाणू यांचा उल्लेख आवश्यक तेथेच येईल.

मेंढीच्या रक्तपेशींची साक्ष

विषाणूचा शोध लागण्यापूर्वीच त्याची रक्तचाचणी अस्तित्वात आली, हे या इतिहासाचे एक वैशिष्ट्य म्हणावे लागेल. जर्मन वैद्य एमिल फायफर यांनी १८८९ मध्ये मुलांतील 'ग्रंथिज्वरा'चे वर्णन केले होते. १९२० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील स्प्रंट व इव्हान्स यांनी तरुणांतील अशाच आजाराला 'इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस' हे नाव दिले. घसा सुजणे, मानेतील गाठी वाढणे, दीर्घकाळ ताप आणि रक्तात विचित्र आकाराच्या पांढऱ्या पेशी दिसणे ही त्याची लक्षणे होत.

१९३२ मध्ये येल विद्यापीठातील जॉन पॉल व वॉल्स बनेल हे ऱ्हुमॅटिक फीव्हरच्या रुग्णांच्या रक्तरसाचा अभ्यास करीत होते. मेंढीच्या तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या बांधणारी प्रतिपिंडे त्या रुग्णांत सापडतात काय, हे त्यांना पाहावयाचे होते. तुलनेसाठी घेतलेल्या इतर आजारांच्या नमुन्यांत मोनोन्यूक्लिओसिसचाही नमुना होता आणि गुठळ्या नेमक्या त्यातच मोठ्या प्रमाणात बांधल्या गेल्या. ही प्रतिपिंडे मेंढीच्या पेशींवर का काम करतात, याचे स्पष्टीकरण कोणाजवळही नव्हते. तरीही 'पॉल-बनेल चाचणी' जगभर रूढ झाली. १९३७ मध्ये इस्राएल डेव्हिडसन यांनी तिच्यातील भ्रामक निकाल गाळण्याची पद्धत दिली. पुढे मेंढीच्या जागी घोड्याच्या रक्तपेशी आल्या आणि काचपट्टीवर काही मिनिटांत निकाल मिळू लागला.

आजच्या दृष्टीने ही चाचणी ओबडधोबड वाटते. लहान मुलांत ती अनेकदा नकारात्मक येते आणि विषाणूविषयी प्रत्यक्ष काहीच सांगत नाही. पण तिच्यात एक गुण होता, आणि तो पुढील बहुतेक चाचण्यांच्या वाट्यास आला नाही. ही प्रतिपिंडे आजारात येतात व सामान्यतः काही महिन्यांत ओसरतात. कारण अज्ञात असतानाही ती बऱ्याच अंशी 'सध्या'ची खूण होती. कारण सापडले, चाचणी अचूक झाली आणि हा गुण मात्र हरवला.

युगांडा, लंडन, फिलाडेल्फिया

युगांडातील कम्पाला येथे काम करणारे आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी १९५८ मध्ये आफ्रिकी मुलांच्या जबड्यात वाढणाऱ्या एका अर्बुदाचे वर्णन प्रसिद्ध केले. २२ मार्च १९६१ रोजी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात त्यांचे व्याख्यान झाले. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन होते. या अर्बुदामागे विषाणू असावा अशी शंका त्यांच्या मनात आली आणि कम्पालाहून विमानाने अर्बुदाचे तुकडे लंडनला येऊ लागले. दोन वर्षांहून अधिक काळ काहीही हाती लागले नाही. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे एक विमान मँचेस्टरकडे वळवावे लागले व नमुना उशिरा पोहोचला. त्यातील द्रव गढूळ झाला होता. जंतूंनी तो नासला असावा असे गृहीत धरून टाकून देणे सोपे होते. एपस्टाइन यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा गढूळपणा अर्बुदातून सुटून तरंगणाऱ्या जिवंत पेशींचा असल्याचे दिसले. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढविण्यात आल्या आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात त्यांच्यात हर्पिस कुलातील विषाणू दिसला. मूळचे त्रिनिदादचे बर्ट अचाँग व इव्हॉन बार यांच्यासह लिहिलेला एपस्टाइन यांचा निबंध त्याच वर्षी मार्चमध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला.

विषाणू दिसला, पण तो मानवाला ज्ञात असलेल्या विषाणूंपैकीच आहे की नवा, हे ठरविणे बाकी होते. त्यासाठी पेशी फिलाडेल्फियातील बाल रुग्णालयात वेर्नर व गर्ट्रूड हेन्ले या दाम्पत्याकडे पाठविण्यात आल्या. १९६६ मध्ये त्यांनी प्रतिदीप्तीवर आधारित रक्तचाचणी तयार केली. विषाणू असलेल्या पेशी काचपट्टीवर सुकवायच्या, त्यांवर रुग्णाचा रक्तरस टाकायचा आणि रक्तरसातील प्रतिपिंडे पेशींना चिकटली की प्रकाशमान रंगद्रव्याच्या साहाय्याने ती पाहायची, असे तिचे स्वरूप होते.

बर्किट अर्बुदाच्या रुग्णांच्या रक्तरसाने पेशी चमकल्या, हे अपेक्षितच होते. अनपेक्षित होते ते पुढचे. आफ्रिकेतील निरोगी मुलांच्या आणि ज्यांनी आफ्रिका पाहिलेलीही नव्हती अशा बहुसंख्य अमेरिकन प्रौढांच्या रक्तरसानेही त्याच पेशी चमकल्या. येथे एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. वेर्नर हेन्ले हे एकोणिसाव्या शतकातील शरीररचनाशास्त्रज्ञ याकोब हेन्ले यांचे नातू. याकोब हेन्ले हे रॉबर्ट कॉख यांचे गुरू, आणि रोगाचा जंतू रोग्यात सापडावा व निरोग्यात सापडू नये हा विचार ज्या निकषांत गोवला गेला ते निकष हेन्ले-कॉख यांच्या नावानेच ओळखले जातात. आजोबांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या त्या कसोटीला धक्का देणारा पुरावा नातवाच्या प्रयोगशाळेत जमा होत होता. निरोग्यांतही सर्रास आढळणाऱ्या विषाणूला रोगाचे कारण म्हणायचे तरी कसे?

उत्तर प्रयोगशाळेतच मिळाले. तेथील एका तरुण तंत्रज्ञ स्त्रीच्या रक्तात ही प्रतिपिंडे नव्हती, म्हणून तिचा रक्तरस तुलनेसाठी 'नकारात्मक' नमुना म्हणून नेहमी वापरला जाई. १९६७ मध्ये तिला मोनोन्यूक्लिओसिस झाला. आजारानंतर तिचा रक्तरस तपासला, तेव्हा पेशी चमकल्या. तिचा आजारापूर्वीचा रक्तरस उपलब्ध होता, म्हणूनच या बदलाला अर्थ प्राप्त झाला. नुसता आजारानंतरचा नमुना हाती असता, तर तीही बहुसंख्य अमेरिकनांपैकी एक ठरली असती.

एका व्यक्तीवरून निष्कर्ष काढता येत नाही, हे हेन्ले दाम्पत्य जाणून होते. येल विद्यापीठात १९५८ पासून नव्या विद्यार्थ्यांचे रक्तनमुने प्रवेशाच्या वेळीच घेऊन गोठवून ठेवण्यात आले होते. नीडरमन व मॅककॉलम यांच्या सहकार्याने ते तपासले गेले. ज्यांना पुढे मोनोन्यूक्लिओसिस झाला ते सर्व विद्यार्थी प्रवेशाच्या वेळी प्रतिपिंडरहित होते. ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडे आधीच होती, त्यांपैकी कोणालाही हा आजार झाला नाही. १९६८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले व विषाणू आणि आजार यांचा संबंध प्रस्थापित झाला. या यशाचे श्रेय प्रतिदीप्तीच्या तंत्राला दिले जाते. तितकेच ते येलच्या शीतपेटीलाही द्यावयास हवे.

प्रतिपिंडांचे घड्याळ

१९७० नंतरच्या काही वर्षांत एकाच विषाणूच्या निरनिराळ्या अंशांविरुद्धची प्रतिपिंडे वेगवेगळी मोजता येऊ लागली. विषाणूच्या कवचाविरुद्धची 'आयजीएम' प्रतिपिंडे आजाराच्या आरंभी येतात व काही आठवड्यांत नाहीशी होतात. कवचाविरुद्धचीच 'आयजीजी' प्रतिपिंडे त्यांच्या मागोमाग येतात व जन्मभर टिकतात. स्टॉकहोममधील रीडमन व जॉर्ज क्लाइन यांनी १९७३ मध्ये वर्णिलेल्या केंद्रकीय प्रतिजनाविरुद्धची प्रतिपिंडे सर्वांत उशिरा, म्हणजे आजार सुरू झाल्यावर दोन ते चार महिन्यांनी दिसतात आणि तीही कायम राहतात. यावरून एक प्रकारचे घड्याळ तयार झाले. आयजीएम आहे व केंद्रकीय प्रतिपिंडे नाहीत, तर संसर्ग ताजा. कवचाविरुद्धची आयजीजी व केंद्रकीय प्रतिपिंडे दोन्ही आहेत, तर संसर्ग जुना. पहिला संसर्ग ओळखण्यासाठी हे घड्याळ आजही वापरात आहे व बहुतांशी भरवशाचे आहे.

अडचण निर्माण झाली ती 'पूर्वप्रतिजन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अंशामुळे. विषाणू निद्रेतून उठून स्वतःच्या प्रती काढू लागला की पेशीत प्रथम जी प्रथिने तयार होतात, त्यांचा हा समूह. साहजिकच त्याविरुद्धची प्रतिपिंडे म्हणजे जागृतीची खूण असा तर्क केला गेला. तर्क सुसंगत होता. प्रत्यक्षात ही प्रतिपिंडे आजारानंतर तीन ते सहा महिन्यांत सहसा ओसरत असली, तरी सुमारे वीस टक्के निरोगी व्यक्तींत ती वर्षानुवर्षे टिकून राहतात. म्हणजे दर पाच निरोगी माणसांतील एकाच्या अहवालावर 'सक्रिय' असा शिक्का बसू शकतो.

मोजण्याच्या पद्धतीविषयीही येथे थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील गोंधळाचे मूळ तिच्यात आहे. रक्तरस पुनःपुन्हा दुप्पट पातळ केला जातो : दहापट, वीसपट, चाळीसपट, ऐंशीपट, याप्रमाणे. ज्या शेवटच्या पायरीपर्यंत पेशी चमकलेल्या दिसतात, ती पायरी म्हणजे 'टायटर'. अहवालात एकास १६० आणि एकास ३२० असे आकडे आले की वाचणाऱ्यास प्रतिपिंडे दुप्पट झाल्याचे वाटते. वस्तुतः तो एका पायरीचा फरक असतो, आणि अंधुक चमक दिसली की नाही हे काचपट्टी पाहणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून असल्याने तेवढा फरक एकाच नमुन्याच्या दोन तपासण्यांतही पडू शकतो. म्हणून एकाच वेळी, शेजारी शेजारी तपासलेल्या दोन नमुन्यांत किमान चौपट वाढ दिसल्याशिवाय तिला महत्त्व देऊ नये, असा विषाणुशास्त्रातील जुना दंडक आहे. तो पाठ्यपुस्तकांत राहिला. दवाखान्यात एकच नमुना व एकच आकडा चालू राहिला.

टाहो सरोवराकाठचा प्रसंग

जानेवारी १९८५ मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात दोन निबंध एकत्र प्रसिद्ध झाले. दीर्घकाळ थकवा, घसादुखी व बारीक ताप असलेल्या काही रुग्णांत एपस्टाइन-बार विषाणूची विशिष्ट प्रतिपिंडे वाढलेली आढळतात, असे त्यांत म्हटले होते. याच सुमारास अमेरिकेच्या नेवाडा राज्यात टाहो सरोवराकाठी इन्क्लाइन व्हिलेज या गावातील पॉल चेनी व डॅनियल पीटरसन या वैद्यांकडे असेच रुग्ण मोठ्या संख्येने येत होते. एपस्टाइन-बार चाचणी आता व्यापारी प्रयोगशाळांतून मिळत होती. अहवाल येत गेले, प्रतिपिंडे वाढलेली दिसत गेली आणि 'दीर्घकालीन एपस्टाइन-बार रोग' हे निदान रूढ होऊ लागले.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये अटलांटातील रोगनियंत्रण केंद्राने गॅरी होम्स व जॉन कॅप्लन यांना तेथे पाठविले. त्यांचा निबंध १९८७ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आला. तो आजही वाचण्याजोगा आहे तो त्यातील साध्या कामामुळे. त्यांनी रुग्णांच्या नमुन्यांबरोबर त्याच वयाच्या निरोगी व्यक्तींचे नमुने तपासले, आणि तेच नमुने निरनिराळ्या प्रयोगशाळांकडे व पुन्हा त्याच प्रयोगशाळेकडेही तपासले गेले. आजाऱ्यांची सरासरी किंचित अधिक होती, परंतु आजारी व निरोगी यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले होते की आकड्यावरून माणूस ओळखणे अशक्य होते. एकाच नमुन्याचे निकाल दोन ठिकाणी दोन येत होते. शिवाय आजाऱ्यांत सायटोमेगॅलो, हर्पिस सिम्प्लेक्स आणि गोवर या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडेही वाढलेली आढळली. गोवराच्या विषाणूवर या थकव्याचे खापर कोणी फोडले नव्हते. मग एपस्टाइन-बारवरच का फोडावे, हा प्रश्न आपोआप उपस्थित झाला.

१९८८ मध्ये होम्स व सहकाऱ्यांनी या आजाराची नवी व्याख्या केली व त्याच्या नावातून विषाणूचे नाव काढून टाकले. 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' हे नाव तेव्हाचे. त्याच वर्षाच्या अखेरीस स्टीफन स्ट्रॉस यांनी २७ रुग्णांवर केलेल्या प्रयोगात ॲसायक्लोव्हिर या विषाणुरोधक औषधाचा गुण औषधाविना दिलेल्या द्रवाहून अधिक नसल्याचे दिसले. स्ट्रॉस हे १९८५ मधील दोन निबंधांपैकी एकाचे प्रमुख लेखक होते. स्वतःच मांडलेली शक्यता स्वतःच कसोटीला लावण्याचा हा प्रामाणिकपणा दुर्मीळ म्हटला पाहिजे.

तथापि या प्रसंगाची दुसरी बाजू तितकी सुखद नाही. चाचणीचे महत्त्व वाढले तेव्हा रुग्णांच्या दुखण्याला शास्त्रीय प्रतिष्ठा लाभली होती. चाचणी निरुपयोगी ठरताच ती प्रतिष्ठाही गेली. वृत्तपत्रांनी या आजाराला 'यप्पी फ्लू' असे कुचेष्टेचे नाव दिले आणि रुग्ण ढोंगी किंवा मनाने दुबळे ठरविले जाऊ लागले. खरे पाहता, होम्स यांनी एवढेच दाखविले होते की हा आकडा या आजाराचे कारण सांगत नाही. आजार नाही, असे त्यांनी म्हटले नव्हते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये हा गंभीर स्वरूपाचा शारीरिक आजार असल्याचे नमूद केले. मधल्या सत्तावीस वर्षांत रुग्णांना जे सोसावे लागले, त्याचा काही भाग एका रक्तचाचणीवर ठेवलेल्या अवास्तव भरवशाच्या खात्यावर मांडावा लागेल. कोविडोत्तर दीर्घ आजारासंबंधी २०२१ मध्ये झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासात एपस्टाइन-बारच्या पुनःसक्रियतेची खूण म्हणून पुन्हा पूर्वप्रतिजनाविरुद्धच्या प्रतिपिंडांचाच आधार घेतला गेला, ही बाब या पार्श्वभूमीवर पाहण्याजोगी आहे.

एपस्टाइन-बारचा खरोखरीच सक्रिय व दीर्घकालीन रोग अस्तित्वात आहे. तो विरळा, प्राणघातक आणि जपान व पूर्व आशियात विशेषत्वाने आढळणारा आहे. १९८८ मध्ये स्ट्रॉस यांनी त्यासाठी सुचविलेल्या निकषांत कवचाविरुद्धच्या आयजीजीचा टायटर एकास ५१२० किंवा अधिक असा होता. थकव्याच्या रुग्णांतील आकडे आणि हे आकडे यांत मोठे अंतर होते. दोहोंना मिळतीजुळती नावे पडली, हे दुर्दैव.

प्रतिपिंडाकडून जनुकद्रव्याकडे

प्रतिपिंड ही शरीराची स्मृती आहे. विषाणूची हजेरी पाहावयाची तर विषाणूच शोधला पाहिजे, हा विचार प्रथम अवयवरोपणाच्या क्षेत्रात फलद्रूप झाला. मूत्रपिंड रोपण झालेल्या रुग्णात सायटोमेगॅलो विषाणू जागा झाला तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो, तेव्हा प्रतिपिंडांची वाट पाहण्यास तेथे सवड नसते. १९८८ मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे रक्तातील पांढऱ्या पेशींत या विषाणूचे प्रथिन थेट शोधणारी चाचणी तयार झाली. नमुना घेतल्यापासून काही तासांत तो हाताळावा लागे, ही तिची मर्यादा. परंतु 'आज'चे उत्तर 'आज' देणारी ती खऱ्या अर्थाने पहिली चाचणी होय.

त्यानंतर पीसीआरचे युग आले. विषाणूच्या जनुकद्रव्याच्या प्रती वाढवून त्यांची संख्या मोजता येऊ लागली आणि जुना प्रश्न सुटला असे पुन्हा वाटले. तो सुटला नव्हता. एपस्टाइन-बार विषाणू निरोगी माणसाच्याही 'बी' पेशींत निजलेला असतो. दहा लाख बी पेशींमागे साधारणतः एक ते पन्नास पेशींत तो असतो. संपूर्ण रक्त तपासले तर हा निजलेला विषाणूही मोजला जातो. म्हणून पेशी बाजूला काढून केवळ रक्तद्रव तपासावा, असे ठरले. रक्तद्रवात सापडतो तो मोकळा, अर्थात जागा विषाणू, अशी यामागची धारणा होती.

हाँगकाँगमधील डेनिस लो व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामाने तीही डळमळली. १९९९ मध्ये त्यांनी नाक व घसा यांच्या सांध्यावरील कर्करोगाच्या ५७ पैकी ५५ रुग्णांच्या रक्तद्रवात या विषाणूचे जनुकद्रव्य दाखवून दिले. पुढे असे आढळले की ते अखंड विषाणूतील नसून मरणाऱ्या कर्कपेशींतून गळालेले लहान लहान तुकडे आहेत. म्हणजे जनुकद्रव्य रक्तद्रवात मोकळे होते, आकडाही वाढलेला होता, आणि तरीही रूढ अर्थाने तो 'सक्रिय संसर्ग' नव्हता. ही अडचण लो यांच्या गटाने मोठ्या कौशल्याने उपयोगात आणली. लक्षणे नसलेल्या २०,१७४ पुरुषांची त्यांनी रक्ततपासणी केली. पहिल्या तपासणीत १,११२ जणांचे निकाल सकारात्मक आले. त्यांचीच सुमारे चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली असता ३०९ जणांतच ते टिकून राहिले आणि त्यांच्यापैकी ३४ जणांत कर्करोग सापडला, बहुतेकांत प्रारंभिक अवस्थेतच. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या तपासणीच्या सकारात्मक निकालांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश निकाल महिन्याभरात विरून गेले, याकडे सहसा लक्ष जात नाही. निरोगी माणसात विषाणू अधूनमधून जागा होतो व पुन्हा निजतो. लाळेत तर तो नेहमीच थोडाफार उतरत असतो. तेव्हा 'सक्रिय' ही अवस्था रोगाचीच असते, हेही गृहीत धरता येत नाही.

सहाव्या क्रमांकाच्या विषाणूने याहून मोठा पेच उभा केला. १९८६ मध्ये सापडलेला हा विषाणू सुमारे एक टक्का लोकांत वंशपरंपरेने आलेला असतो. त्याचे जनुकद्रव्य त्यांच्या गुणसूत्रातच विणलेले असल्याने शरीराच्या प्रत्येक पेशीत त्याची प्रत असते. अशा व्यक्तीच्या संपूर्ण रक्ताची पीसीआर चाचणी केली तर प्रति मिलिलिटर लाखो प्रतींचा आकडा येतो, मग ती व्यक्ती कितीही निरोगी असो. विषाणूचे असे वंशागत रूप माहीत नसलेला वैद्य या आकड्यावरून मूत्रपिंडास वा अस्थिमज्जेस अपाय करणारी औषधे सुरू करू शकतो.

आकड्यांच्या तुलनेचा प्रश्नही उरलाच होता. २००९ च्या सुमारास अनेक देशांतील प्रयोगशाळांकडे सारखेच नमुने पाठविले असता काही नमुन्यांच्या निकालांत दहा हजार पटींपर्यंत तफावत आढळली. टाहोचा अनुभव नव्या तंत्रात जसाच्या तसा पुन्हा आला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये सायटोमेगॅलो विषाणूसाठी व २०११ मध्ये एपस्टाइन-बार विषाणूसाठी आंतरराष्ट्रीय मानक नमुना निश्चित केला, तेव्हा कोठे 'एवढे एकक' या शब्दांना सर्वत्र एक अर्थ प्राप्त होऊ लागला.

भारतीय संदर्भ

भारतात एपस्टाइन-बारचा संसर्ग बहुतेकांना बालवयातच, फारशी लक्षणे न दिसता होऊन जातो. त्यामुळे महाविद्यालयीन वयातील मोनोन्यूक्लिओसिस येथे पाश्चात्त्य देशांइतका परिचित नाही. आपल्याकडे या इतिहासाची प्रचिती येते ती 'टॉर्च' या तपासणीच्या रूपाने. अमेरिकेतील आंद्रे नह्मायस यांनी १९७१ मध्ये हा संक्षेप रूढ केला, तो नवजात बालकांत सारखीच लक्षणे उत्पन्न करणाऱ्या काही संसर्गांचे वैद्याला स्मरण राहावे म्हणून. टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो व हर्पिस सिम्प्लेक्स ही त्यातील आद्याक्षरे. भारतात मात्र ती वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रीने करावयाची तपासणी म्हणून प्रचलित झाली. जिल्ह्याच्या ठिकाणच्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही तिचा छापील तक्ता मिळतो. त्यात सायटोमेगॅलोच्या आयजीजीपुढे 'पॉझिटिव्ह' हा शब्द ठळक अक्षरांत असतो. भारतातील बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत तो तसा येणारच, कारण हा संसर्ग त्यांना बालपणीच होऊन गेलेला असतो.

आयजीएमच्या रकान्याची स्थिती फारशी वेगळी नाही. सायटोमेगॅलोविरुद्धची आयजीएम प्रतिपिंडे काही स्त्रियांत अनेक महिने टिकतात, विषाणू पुन्हा जागा झाला तरी येतात आणि एपस्टाइन-बारच्या ताज्या संसर्गातही खोटी दिसू शकतात. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचे कारण शोधण्यासाठी ही तपासणी उपयोगी नाही, असे ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले होते. तरीही तो कागद घरी येतो, सासरी वाचला जातो आणि 'हिच्या रक्तातच दोष आहे' असा त्याचा अर्थ लावला जातो. हेन्ले दाम्पत्याला १९६६ मध्ये निरोगी अमेरिकनांच्या रक्तरसात जी चमक दिसली होती, तिच्याहून हा 'पॉझिटिव्ह' शब्द वेगळे काही सांगत नाही. येथे त्याचा भार मात्र अपत्य गमावलेल्या एका स्त्रीच्या माथी येतो.

संसर्ग केव्हा झाला हे जाणण्यासाठी आयजीजीची पकड किती घट्ट आहे, हे मोजणारी चाचणी आता उपलब्ध आहे. पकड सैल असेल तर संसर्ग गेल्या तीन-चार महिन्यांतील, घट्ट असेल तर त्यापूर्वीचा. बालकाला गर्भातच सायटोमेगॅलोचा संसर्ग झाला होता काय, हे ठरविण्यासाठी तर मातेच्या प्रतिपिंडांकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. बाळाच्या लाळेत किंवा लघवीत विषाणूचे जनुकद्रव्य शोधले जाते. तो नमुना जन्मानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांतच घ्यावा लागतो. त्यानंतर घेतलेल्या नमुन्यात सापडलेला विषाणू गर्भात आला की आईच्या दुधातून, हे त्या नमुन्यावरून सांगता येत नाही.